पावसांत बसलेला मुलगा

प्रत्येक अध्यापकाच्या कपाटांत एखादें तरी असें पुस्तक असतें कीं, जें तो वर्षानुवर्षें शिकवितो आणि शिकवीत असल्यामुळेंच वाचावयाचें विसरतो. आमच्या कपाटांतील असें पुस्तक म्हणजे जे. डी. सॅलिंजर या अमेरिकन लेखकाची 'दि कॅचर इन दि राय' ही कादंबरी होय. ती १९५१ सालच्या जुलै महिन्यांत प्रसिद्ध झाली. मुंबईस हुतात्मा चौकाजवळ पदपथावर जुनीं पुस्तकें मांडून बसणाऱ्या एका विक्रेत्यापासून आम्हीं ती विकत घेतली, तेव्हां आम्ही बी. ए.च्या वर्गांत होतों. तिची बांधणी पुढें दोन वेळां नवी करून घ्यावी लागली. तिच्यावर आम्ही वर्गांत पुष्कळ बोललों, टिपणें सांगितलीं, प्रश्न काढले व त्यांचीं उत्तरेंही तपासलीं. तरी ती आम्हांस समजली ती अगदीं अलीकडे. आणि तीही कोणा टीकाकाराच्या साहाय्यानें नव्हे, तर आमच्याच वर्गांतील एका मुलाच्या दीड पानाच्या निबंधामुळें. तो निबंध आम्हीं नापास केला होता. ती हकीकत सांगावी एवढाच या लेखाचा हेतु आहे. तींत आमच्या बाजूनें बोलण्याजोगें फारसें कांहीं नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

ज्यांनीं ही कादंबरी वाचलेली नाहीं त्यांच्यासाठीं तिचें कथानक थोडक्यांत सांगतों. होल्डन कॉलफील्ड हा न्यूयॉर्कमधील एका सधन वकिलाचा मुलगा. वय सोळा वर्षें, उंची सहा फुटांहून अधिक, आणि डोक्याच्या एका बाजूचे केस या वयांतच पांढरे झालेले. पेन्सिल्व्हानिया संस्थानांतील पेन्सी नांवाच्या शाळेंतून त्यास काढून टाकण्यांत आलें आहे, कारण पांच विषयांपैकीं चारांत तो नापास झाला आहे. इंग्रजी तेवढें सुटलें. शाळेंतून काढलें जाण्याची त्याची ही पहिलीच खेप नव्हे. नाताळची सुटी लागावयास कांहीं दिवस उरले असतां, शनिवारीं रात्रीं तो कोणास न सांगतां निघतो, न्यूयॉर्कला येतो, आणि घरीं जाण्याचें धैर्य नसल्यामुळें एका सामान्य हॉटेलांत उतरतो. तेथपासून सोमवारच्या दुपारपर्यंत तो शहरभर भटकतो, ओळखीच्या आणि अनोळखी माणसांशीं बोलण्याची धडपड करतो, फसविला जातो, मार खातो, पैसे उधळतो, हरवितो, आणि शेवटीं आजारी पडतो. ही सर्व हकीकत तो पुढें सतराव्या वर्षीं, दूर कॅलिफोर्नियांतील एका आरोग्यधामांतून, आपल्याच अर्धवट शिवराळ आणि वाहवत जाणाऱ्या भाषेंत सांगतो. जगांतील बहुतेक सर्व मोठीं माणसें त्याच्या मतें ढोंगी आहेत. या एका शब्दावर त्याची इतकी भक्ति आहे कीं, पुस्तक मिटल्यावरही तो कांहीं वेळ कानांत वाजत राहतो.

विसाव्या वर्षीं आम्हांस हा शब्द म्हणजे एक शस्त्रच सांपडल्यासारखें वाटलें. बँकेंत नोकरी करणारे आमचे काका ढोंगी, साहित्यसंमेलनांत शाल पांघरून बसणारे कवि ढोंगी, आणि आमचे प्राचार्य तर ढोंग्यांचे शिरोमणि! एका रात्रीं जेवतांना आम्हीं हा सिद्धांत वडिलांस ऐकविला. वर्तमानपत्रावरून डोळे न काढतां ते म्हणाले, "असतील. त्या ढोंग्यांच्याच पगारांतून तुझी फी जाते, एवढें लक्षांत ठेव." आम्हीं वडिलांचें नांवही मनांतल्या यादींत टिपून ठेवलें.

पुढें आम्ही अध्यापक झालों, पगाराच्या त्या बाजूस जाऊन बसलों, आणि तिशी ओलांडल्यावर तेंच पुस्तक हातीं घेतलें तेव्हां होल्डनचा आम्हांस कंटाळा येऊं लागला. श्रीमंताचा लाडावलेला पोर. अभ्यास नको, शिस्त नको, आणि जगास नांवें ठेवावयास मात्र सदैव तयार. तरीही पुस्तक नेमलेलें होतें, म्हणून शिकवावें लागे. आम्हीं त्याचे तीन मथळे करून टाकले : पौगंडावस्थेंतील बंड, निरागसतेचा ऱ्हास, आणि समाजाच्या दांभिकतेवर प्रहार. मुलें ते तीन मथळे उतरून घेत, परीक्षेंत तेच लिहीत, आणि आम्ही त्यांस गुण देत असूं. या व्यवहारांत कोणाचेंच नुकसान होत नव्हतें. अमेरिकेंत या पुस्तकावरून झालेल्या वादांची माहिती आम्ही आवर्जून सांगत असूं. १९६० सालीं ओक्लाहोमा संस्थानांतील टल्सा येथें एका शिक्षकास हें पुस्तक वर्गांत नेमल्याबद्दल कामावरून दूर करण्यांत आलें होतें. ही गोष्ट सांगतांना, आपण तें पुस्तक निर्वेधपणें शिकवीत आहों याबद्दल आम्हांस आमच्या उदारपणाचें थोडें कौतुकच वाटे.

आतां त्या निबंधाची गोष्ट. तिला चार वर्षें झालीं. पावसाळ्याचे दिवस होते. पहिल्या वर्षाच्या वर्गास इंग्रजींत निबंध लिहावयास द्यावयाचा होता. 'पावसाळ्यांतील एक दिवस' हा विषय आम्हीं दिला. तो आमच्या गुरुजींनीं आम्हांस दिला होता, आणि बहुधा त्यांच्या गुरुजींनीं त्यांस. साठ वह्या घरीं आल्या. पंचावन्न वह्यांत मोर नाचला, बेडूक ओरडले आणि आईनें गरम भजीं तळलीं. एका वहींत मात्र यांतलें कांहींच नव्हतें. खिडकीशेजारच्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका अबोल मुलाची ती वही होती. त्यानें दीड पान एका रेनकोटाचें वर्णन केलें होतें. स्वयंपाकघराच्या दाराआड, खिळ्यावर, त्याच्या धाकट्या भावाचा निळा रेनकोट टांगलेला आहे. वरून दुसरें बटण तुटलेलें आहे आणि तेथें टांचणी लावली आहे. टोपीचा पट्टा भाऊ चघळतो, म्हणून त्याचें टोंक पांढरें पडलें आहे. उजव्या खिशांत एस. टी.च्या तिकिटाची केलेली एक होडी होती. ती अजून आहे. दार उघडलें कीं रेनकोट भिंतीशीं घासतो आणि आवाज होतो, म्हणून घरांतील सर्वजण तें दार हळूच उघडतात. एवढेंच. पाऊस नाहीं, वीज नाहीं, उपसंहार नाहीं.

वाक्यें साधीं होतीं, पण काळांचा मेळ नव्हता. एका वाक्यांत भाऊ पट्टा चघळतो, तर दुसऱ्यांत चघळीत असे. एके ठिकाणीं तो सहावींत आहे, तर दुसऱ्या ठिकाणीं होता. आम्हीं तांबड्या शाईनें सात ठिकाणीं क्रियापदाखालीं रेघ ओढून समासांत 'काळ?' असें लिहिलें. खालीं शेरा दिला : 'विषयाला सोडून. पाऊस कोठें आहे?' दहांपैकीं तीन गुण दिले, आणि पुढची वही उघडली.

दुसऱ्या दिवशीं त्या मुलानें वही घेतली, शेरा वाचला आणि वही पिशवींत ठेवली. तो कांहीं बोलला नाहीं. एरवींही तो बोलत नसेच. दिवाळीच्या सुटीनंतर तो वर्गांत दिसला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर तो दिसत नाहीं हेंही आमच्या लक्षांत आलें नाहीं. डिसेंबरांत एके दिवशीं कचेरींत कांहीं कामासाठीं गेलों असतां, कारकुनाच्या खिडकीपाशीं एक गृहस्थ मुलाचा दाखला काढून घेण्यासाठीं उभे होते. कारकुनानें आमची ओळख करून दिली. ते कोणत्याशा कारखान्यांत फिटर होते. आम्हीं सहज विचारलें, "मुलाला मध्येंच कां काढतां?"

"त्याचं मन लागत नाहीं, सर," ते म्हणाले. "धाकटा गेल्यापासून आमच्या घरांत कोणाचंच लागत नाहीं."

"केव्हां गेला?"

"गेल्या वर्षीं, श्रावणांत. ताप आला होता. तीन दिवसांत आटोपलं."

अशा वेळीं जें बोलतात तें आम्ही बोललों. त्यांनीं हात जोडले आणि दाखला घेऊन ते निघून गेले. आम्ही घरीं आलों. पानावर बसलों, पण घास उतरेना. घरांतून विचारणा झाली तेव्हां 'डोकें दुखतें' असें सांगून उठलों. मनांत हिशेब चालला होता. मुलगा आमच्या वर्गांत आला तेव्हां भावाला जाऊन वर्षही झालें नव्हतें. ज्या महिन्यांत आम्हीं तो निबंध लिहावयास सांगितला, त्या महिन्यांत वर्ष पुरें होत होतें. आणि आम्हीं त्यास सात वेळां विचारलें होतें : 'काळ?'

पुढच्या आठवड्यांत सॅलिंजरची कादंबरी शिकवावयाची होती. केवळ संवय म्हणून आम्हीं तें पुस्तक उघडलें, आणि पांचव्या प्रकरणापाशीं थांबलों.

त्या प्रकरणांत असें आहे. शनिवारची रात्र आहे. होल्डनच्या खोलींत राहणारा स्ट्रॅडलेटर हा देखणा, मजबूत मुलगा एका मुलीस घेऊन बाहेर निघाला आहे, आणि जातां जातां आपला इंग्रजीचा निबंध होल्डननें लिहून ठेवावा अशी त्याची विनंति आहे. विषय वर्णनाचा, एखादी खोली, एखादें घर, असें कांहीं तरी. होल्डनला खोलीचें वर्णन सुचत नाहीं. तो आपला धाकटा भाऊ ॲली याच्या बेसबॉलच्या हातमोज्याचें वर्णन लिहितो. आपल्याकडील यष्टिरक्षकाच्या मोज्यासारखाच, पण एका हाताचा, असा हा चामड्याचा मोजा असतो. ॲली डावखुरा होता. त्यानें त्या मोज्याच्या बोटांवर, तळव्यावर, सगळीकडे हिरव्या शाईनें कविता लिहून ठेवल्या होत्या. मैदानांत उभें असतां खेळ थांबला तर वाचावयास कांहीं असावें म्हणून! हा ॲली १८ जुलै १९४६ रोजीं रक्ताच्या कर्करोगानें वारला. तो होल्डनपेक्षां दोन वर्षांनीं लहान होता. त्या रात्रीं तेरा वर्षांच्या होल्डननें मोटारीच्या कोठींतील सर्व कांचा मुठीनें फोडल्या. हात इतका दुखावला कीं, तो इस्पितळांत असल्यामुळें त्यास भावाच्या अंत्यविधीसही जातां आलें नाहीं. अजून पाऊस आला म्हणजे तो हात दुखतो, आणि त्याची घट्ट मूठ वळत नाहीं.

स्ट्रॅडलेटर परत येतो, निबंध वाचतो आणि चिडतो. खोलीचें वर्णन करावयाचें होतें, आणि यानें लिहिलें आहे एका मोज्याविषयीं! होल्डन तो कागद त्याच्या हातांतून काढून घेतो आणि फाडून टाकतो.

हा प्रसंग आम्हीं वर्गांत निदान वीस वेळां वाचून दाखविला असेल. आमच्या प्रतींत त्या पानाच्या समासांत आमच्याच अक्षरांत एक टीप आहे : 'विनोद. नायकाचा तऱ्हेवाईकपणा.'

त्या रात्रीं आम्हीं संबंध पुस्तक पुन्हां वाचून काढलें, आणि तें वेगळेंच निघालें. पूर्वीं आम्ही बंडखोर मुलाचें पुस्तक वाचीत होतों. आतां दिसलें तें असें कीं, या मुलाच्या घरांत एक मृत्यु झाला आहे आणि त्याविषयीं त्याच्याशीं कोणींच बोललेलें नाहीं. आईची प्रकृति तेव्हांपासून ठीक नाहीं. ती रात्र रात्र जागते. वडील कामांत आहेत. थोरला भाऊ चित्रपटांच्या गोष्टी लिहावयास हॉलिवूडला गेला आहे. होल्डनला एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत पाठविण्यांत येत आहे. ज्या जेन गॅलॅगर नांवाच्या मुलीसाठीं तो त्या रात्रीं स्ट्रॅडलेटरच्या अंगावर धांवून जातो, ती त्याला एवढी प्रिय कां? आम्ही वर्गांत याचें उत्तर 'प्रथम प्रेम' असें देत असूं. पण पुस्तकांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, घराबाहेरच्या माणसांपैकीं एकटीला तिलाच त्यानें तो मोजा दाखविला होता.

आणि शिक्षक? आमच्या धंद्यांतील दोन माणसें या पुस्तकांत आहेत. पहिले इतिहासाचे वृद्ध शिक्षक मिस्टर स्पेन्सर. त्यांस इन्फ्लुएंझा झाला आहे; ते जुना झगा पांघरून बसले आहेत, आणि खोलींत औषधाचा वास भरला आहे. निरोप घ्यावयास आलेल्या होल्डनसमोर ते त्याचीच प्राचीन इजिप्तवरील उत्तरपत्रिका मोठ्यानें वाचून दाखवितात. आपणांस नापास केलें तरी चालेल असें मुलानें खालीं लिहिलें होतें, तेंही वाचतात. विसाव्या वर्षीं हा म्हातारा आम्हांस हास्यास्पद वाटला होता. आतां त्याच्या वयाकडे आमची वाटचाल चालू आहे, थंडींत आम्हीही मफलर गुंडाळून वह्या तपासतों, आणि त्याची तळमळ आम्हांस कळते. स्पेन्सर दुष्ट नाहींत. मुलाचें भलें व्हावें असें त्यांस मनापासून वाटतें. त्यांच्याजवळ उपदेश आहे, कळकळ आहे. फक्त एक प्रश्न नाहीं. दुसरे मिस्टर अँटोलिनी. ते हुशार, तरुण, आणि पूर्वींच्या शाळेंत एका मुलानें खिडकींतून उडी टाकली तेव्हां त्याचा देह स्वतःच्या हातांनीं उचलून नेणारे. ते मध्यरात्रीं होल्डनला घरांत घेतात, त्याच्यापुढें फार शहाणपणाचें बोलतात, आणि तो बिचारा जांभया आवरीत बसतो. पुढें तो झोपला असतां ते त्याच्या डोक्यावरून हात फिरवितात; तो घाबरून उठतो आणि पळ काढतो. त्या स्पर्शाचा अर्थ काय, हें लेखकानें मोकळें ठेवलें आहे. पण ॲलीविषयीं विचारीत तेही नाहींत. फार काय, शेवटीं आरोग्यधामांतला मनोविकारतज्ज्ञ होल्डनला विचारतो तें हें, कीं पुढच्या सप्टेंबरांत तूं शाळेंत नीट अभ्यास करणार ना?

या पुस्तकाच्या कर्त्याविषयीं येथें दोन शब्द सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. सॅलिंजरचा जन्म १९१९ सालचा. दुसऱ्या महायुद्धांत ६ जून १९४४ रोजीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकन सैन्यांत तो होता, आणि या कादंबरीचीं कांहीं प्रकरणें त्या काळीं त्याच्या सामानांत होतीं, असें त्याचे चरित्रकार सांगतात. युद्ध संपतां संपतां मनावरील ताणामुळें त्यास जर्मनींत इस्पितळांत राहावें लागलें. १९६५ नंतर त्यानें कांहींच प्रसिद्ध केलें नाहीं, आणि २०१० सालीं न्यू हॅम्पशायरमधील आपल्या एकांतांतच तो वारला. ज्यानें इतकीं माणसें मरतांना पाहिलीं, त्याच्या कादंबरींत एकही लढाई नाहीं. एक अकरा वर्षांचा मुलगा, त्याचा मोजा आणि फाडून टाकलेला एक निबंध, एवढेंच त्यानें निवडलें. दुःख मोजतांना माणूस हजारांनीं मोजूं शकत नाहीं. तो एकापाशींच थांबतो, हें त्यास ठाऊक असावें.

मराठी वाचकांस या ठिकाणीं भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालीं प्रसिद्ध झालेली 'कोसला' आठवल्यावांचून राहणार नाहीं. खानदेशांतील सांगवीहून पुण्यास शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर आणि न्यूयॉर्कचा हा होल्डन यांची तुलना आमच्या टीकाकारांनीं पुष्कळ केली आहे. आम्हींही केली आहे. ती करतांना आपण दोघांच्या भाषेविषयीं, तुटलेपणाविषयीं आणि बंडाविषयीं बोलतों. पण 'कोसला' वाचलेल्या सामान्य वाचकास विचारा, तुम्हांस काय आठवतें? तो सांगेल, मनीचा मृत्यु. पांडुरंगची ती धाकटी बहीण. तिच्यानंतर त्या पुस्तकांतील हंसण्याचा आवाजच बदलतो. दोन देशांतील दोन तरुण लेखकांनीं एकमेकांपासून फार दूर बसून एकच गोष्ट ओळखली होती : तरुण मुलगा सर्व जगाची टवाळी करूं लागतो, तेव्हां त्या टवाळीच्या तळाशीं पुष्कळदां एखादें लहान मूल गेलेलें असतें.

आतां कादंबरीच्या नांवाविषयीं. रात्रीं चोरून घरीं गेलेल्या होल्डनला त्याची दहा वर्षांची बहीण फीबी विचारते कीं, तुला व्हावयाचें तरी आहे कोण? तो सांगतो कीं, राय नांवाच्या धान्याच्या मोठ्या शेतांत हजारों लहान मुलें खेळत आहेत. शेताच्या कडेला खोल कडा आहे. आणि आपण तेथें उभे राहून, पळतां पळतां कड्याकडे येणाऱ्या मुलांना झेलीत आहों. एवढेंच काम आपणांस करावयाचें आहे. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या गीतावरून त्यास हें सुचलेलें असतें. पण त्या गीतांत झेलणें नाहीं, भेटणें आहे, ही चूक फीबी लगेच दाखविते. आम्ही वर्गांत या स्वप्नास 'निरागसतेचें रक्षण' असें भारदस्त नांव देत असूं. पण हजार मुलांना झेलण्याचें स्वप्न कोणास पडतें? ज्याच्या हातून एक सुटलेलें असतें, त्यास. मन फार खचलें म्हणजे होल्डन मेलेल्या ॲलीशीं मोठ्यानें बोलतो. जा, सायकल घेऊन ये, तुलाही बरोबर नेतों, असें सांगतो. कारण एकदां खेळावयास जातांना, तूं लहान आहेस म्हणून त्यानें ॲलीला बरोबर नेलें नव्हतें. ॲलीनें तक्रार केली नव्हती. तेवढेंच तें; पण तें जात नाहीं.

फीबीचें बोलणें चाललें असतां तिच्याच ओघांत आम्हांस आणखी एक गोष्ट दिसली. ॲलीच्या थडग्यास भेट दिल्याचें होल्डन मागें एके ठिकाणीं सांगतो. दोन वेळां तेथें असतां पाऊस आला. आलेले सर्व लोक धांवत आपापल्या मोटारींत जाऊन बसले. ते आतां कोठें तरी जेवावयास जातील, आणि ॲली मात्र तेथेंच भिजत राहील, हें त्यास सहन झालें नाहीं. आतां शेवटचें दृश्य पाहा. होल्डन पश्चिमेकडे पळून जाणार आहे. फीबी त्याची जुनी पेटी ओढीत येते आणि म्हणते, मलाही ने. हा तोच ॲलीचा प्रश्न आहे. या खेपेस होल्डन तिला नेत नाहीं. पण स्वतःही जात नाहीं. तो तिला सेंट्रल पार्कमधील लांकडी घोड्यांच्या फिरत्या चक्रापाशीं आणतो. चक्रावरचीं मुलें जातां जातां सोनेरी कडें पकडावयास हात लांबवितात. फीबीही लांबविते. ती पडेल असें होल्डनला वाटतें, पण तो हांक मारीत नाहीं. मुलांना कडें पकडावेंसें वाटलें तर पकडूं द्यावें, पडलीं तर पडूं द्यावें, असें तो मनाशीं ठरवितो. इतक्यांत धो धो पाऊस येतो. मुलांचे आईबाप धांवत चक्राच्या छपराखालीं जाऊन उभे राहतात. होल्डन उठत नाहीं. तो बाकावर बसून राहतो, नखशिखान्त भिजतो, आणि त्या फिरणाऱ्या मुलीकडे पाहतां पाहतां त्यास इतका आनंद होतो कीं रडूं यावें.

हेंच त्याचें वयांत येणें, असें आम्हांस आतां वाटतें. परीक्षा पास होण्यानें किंवा ढोंग्यांशीं तडजोड करण्यानें तो मोठा झाला नाहीं. पाऊस आला असतां सर्वजण आडोशाला पळाले, तेव्हां जो बाकावरून उठला नाहीं, तो मोठा झाला. आपण कोणास झेलूं शकत नाहीं. फार तर त्याच्या पावसांत त्याच्याजवळ बसूं शकतों. आम्हां शिक्षकांचा आडोसा म्हणजे व्याकरण, विषय आणि गुण. त्या दीड पानांतला पाऊस अंगावर येऊं लागतांच आम्ही त्या आडोशाला पळालों होतों, आणि तेथून विचारीत होतों कीं, पाऊस कोठें आहे?

गेल्या वर्षीं एका तालुक्याच्या गांवीं व्याख्यानासाठीं गेलों होतों. परततांना एस. टी. स्थानकावर तो मुलगा भेटला. आतां तो वीज-दुरुस्तीचीं कामें करतो आणि मुक्त विद्यापीठांतून पदवीची परीक्षा देतो आहे. त्यानें वांकून नमस्कार केला. क्षमा मागण्यासाठीं आम्हीं मनांत एक वाक्य घोळवून ठेवलें होतें. तें नीट बांधलेलें होतें, आणि म्हणूनच कीं काय, तोंडांतून निघेना. आम्हीं एवढेंच विचारलें, "तुझ्या भावाचं नांव काय होतं?"

तो कांहीं वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग त्यानें नांव सांगितलें. तें येथें लिहीत नाहीं. तें त्याचें आहे. "त्याला सर्वजण वेगळ्याच नांवानं हांक मारतात," तो म्हणाला, आणि बोलूं लागला. भाऊ पतंग कसा उडवी, गणितांत कसा वरचढ आहे, रागावला कीं माळ्यावर जाऊन कसा बसतो. कांहीं वाक्यें वर्तमानकाळांत होतीं, कांहीं भूतकाळांत. आम्हीं मध्यें कांहीं विचारलें नाहीं. त्याची गाडी आली. ती त्यानें जाऊं दिली. आमचीही गेली. रेनकोट अजून तेथेंच आहे, असें तो म्हणाला. पावसाळ्याच्या तोंडीं आई तो धुते, वाळविते आणि पुन्हां त्याच खिळ्यावर टांगते.

"तुझा तो निबंध आहे का रे अजून?" आम्हीं शेवटीं विचारलें.

"आहे, सर," तो म्हणाला. "आईला वाचून दाखवला होता. मराठींत करून. तुमचा शेरा नाहीं वाचला."

यंदाही पहिल्या वर्गास आम्हीं तोच विषय दिला आहे. वह्या टेबलावर येऊन पडल्या आहेत. तांबडी लेखणी हातीं घेण्यापूर्वीं प्रत्येक वही एकदां नुसती वाचावयाची, एवढा नियम आम्हीं स्वतःस घालून घेतला आहे. त्यानें तपासणीस दुप्पट वेळ लागतो.